नहपानाचा चेहरा कोणता? चित्रकथा आणि पुरावस्तू यांच्या अभ्यासाची प्रस्तावना

ली फॉक यांचा वेताळ ज्या कवटीच्या गुहेत राहतो, तिच्या आत खजिन्याचे एक खास दालन आहे. तिथे इतिहासातल्या एकेकट्या वस्तू जपून ठेवलेल्या असतात. सिकंदराचा हिऱ्याचा पेला, राजा आर्थरची तलवार, क्लिओपात्राला डसलेला साप. १९६४ साली इंद्रजाल कॉमिक्स सुरू झाली, पुढे मराठीतही आली आणि हे दालन आपल्याकडच्या मुलांच्या ओळखीचे झाले. चित्रकथेच्या वाचकांबरोबर गप्पांना बसले की बोलणे थोड्या वेळात तिथे पोहोचतेच. वेताळ खरा होता का, असे कोणी विचारत नाही. तो पेला खरा होता का, हे मात्र हमखास विचारतात. पात्र कल्पनेतले असलेले वाचकाला चालते, वस्तू बनावट निघालेली खपत नाही. ज्या अभ्यासात मी तुमचे स्वागत करतो आहे, त्याची सुरुवात मला या प्रश्नातच दिसते.

या अभ्यासाला दोन बाजू आहेत. चित्रकथा जुन्या वस्तू कशा वापरते हे पाहणे ही पहिली. जुन्या वस्तू स्वतःच चित्रांतून गोष्ट कशी सांगत होत्या हे शोधणे ही दुसरी. दोन्हींच्या मुळाशी एकच अडचण आहे. पुरावा नाही असे लिहून इतिहासकाराला पुढे जाता येते. चित्रकाराला चौकट कोरी ठेवता येत नाही. राजा काढायचा तर त्याला नाक द्यावे लागते, त्याच्या कानात काहीतरी घालावे लागते, तो बसला असेल तर कशावर बसला हे ठरवावे लागते. ग्रंथात ज्या प्रश्नाला बगल देता येते, तो चित्रात समोर येऊन उभा राहतो. आणि चित्र छापून आले की वाचक तोच प्रश्न पकडतात: हे कशावरून? चाहत्यांची ही थट्टामस्करी, हे चिडवणे, हे पुन्हापुन्हा खोदून विचारणे मी अभ्यासाचे साधन मानतो.

नाशिकला बसून हा विषय शिकण्यासारखे दुसरे ठिकाण मला माहीत नाही. कारण सांगतो.

सिन्नर तालुक्यात गोदाकाठी जोगलटेंभी हे गाव आहे. १९०६ साली तिथे चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. तेरा हजारांहून अधिक नाणी, क्षहरात क्षत्रप नहपानाची. त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला आहे. हरवलेल्या राजाची नाणी वितळवत न बसता त्याने नहपानाच्या चेहऱ्यावरच आपली चिन्हे उमटवली आणि नाणी पुन्हा बाजारात सोडली. एका बाजूला कमानी रचून केलेल्या टेकडीचे चिन्ह, दुसऱ्या बाजूला चार वर्तुळांचे उज्जैन चिन्ह. नवा ठसा जिथे नीट बसला नाही तिथे खालून जुन्या राजाचे केस, गाल, लेखाची अर्धीमुर्धी अक्षरे डोकावतात. सातवाहनांचा विजय पुस्तकात एका वाक्यात येतो. इथे तो रुपयाहून लहान चकतीवर घडताना दिसतो, आणि हरलेला माणूस पूर्ण पुसलाही जात नाही.

खरे कोडे मात्र पुन्हा ठसा न मारलेल्या नाण्यांवर आहे. साठ्याचा अभ्यास करणारे रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांच्या लक्षात आले की नाव सगळीकडे नहपानाचे असले तरी चेहरे एकमेकांशी जुळत नाहीत. फरक केवळ वयाचा असता तर दीर्घ राजवट म्हणून सोडून देता आला असता. इथे नाकाची ठेवण बदलते, चेहऱ्याची लांबी बदलते. स्कॉट यांचा तर्क असा की घराण्यातल्या वेगवेगळ्या माणसांनी नहपानाच्या नावाखाली आपापले चेहरे छापले असावेत. इतरांनी रोमन नाण्यांकडे बोट दाखवले. त्या काळी पश्चिम किनाऱ्यावर रोमन चांदी येत होती, आणि ठसे कोरणाऱ्यांनी तिच्यावरचे चेहरे नमुना म्हणून घेतले असतील.

हे कोडे वाचकांपुढे ठेवले की गंमत होते. नहपान चित्रकथेत आणायचा आहे, यातला कोणता चेहरा देऊ? कोणी म्हणते, प्रत्येक प्रसंगात वेगळा द्या. कोणी म्हणते, त्याला फक्त पाठमोरा दाखवा. एखादा चटकन विचारतो, मग वेताळाचा चेहरा तरी आपण कुठे पाहिलाय? या शेवटच्या प्रश्नात मला मोठी समज दिसते. वेताळाला आपण मुखवट्यावरून आणि कवटीच्या अंगठीवरून ओळखतो. एकवीस पिढ्यांत मुखवट्यामागचा माणूस बदलत गेला, खूण तीच राहिली. नहपानाच्या नाण्यावरही तेच घडत असावे. मागच्या बाजूला बाण आणि वज्र, दोन्ही बाजूंना मिळून ग्रीक, ब्राह्मी आणि खरोष्ठी अशा तीन लिप्यांतला लेख. भडोच ते नाशिकजवळचे गोवर्धन एवढ्या पट्ट्यातल्या व्यापाऱ्याला राजाचे नाक ओळखायचे नव्हते, नाण्याची खूण ओळखायची होती. म्हणून स्कॉट यांच्या कुटुंबाच्या तर्कापेक्षा मला कोरणाऱ्यांचा तर्क पटतो. साच्याचे कारागीर अनेक, वर्षे अनेक, आणि हुबेहूब चेहरा हा कोणाचाच उद्देश नाही. चित्रकथेच्या कारागिरीतून नाण्याकडे पाहिल्यावर सुचणारे हे उत्तर आहे. ते अंतिम आहे असा माझा दावा नाही, पण ज्यांना याची पुढची चिकित्सा करायची आहे त्यांच्यासाठी त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरीला नाण्यांच्या अभ्यासाला वाहिलेली संशोधन संस्था आहे. नाशिककरांनी तिथे एकदा तरी जावे.

या प्रश्नाला एक उलटी जोडही नाशिकनेच दिली आहे. त्र्यंबकेश्वरला १८७० साली जन्मलेले दादासाहेब फाळके चित्रपटाकडे वळण्याआधी पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार आणि आरेखक होते. जुन्या वस्तू नीट पाहण्याचे शिक्षण त्यांना तिथे मिळाले आणि पुढे त्यांनी देशाला हलत्या चित्रांतल्या कथा दिल्या. त्यांच्या १९१७ सालच्या 'लंका दहन'मध्ये अण्णा साळुंके या एकाच नटाने राम आणि सीता दोघांच्या भूमिका केल्या, आणि लोकांनी दोघांनाही भक्तिभावाने स्वीकारले. एक नाव आणि अनेक चेहरे जोगलटेंभीला, एक चेहरा आणि दोन नावे फाळक्यांच्या पडद्यावर. पात्र म्हणजे चेहरा नव्हे, हे या दोन उदाहरणांइतके स्वच्छ मला कुठल्या पुस्तकात सापडलेले नाही.

मग पात्र कशाने घडते? नावाने, असे उत्तर पटकन येते. त्यासाठी नाणेघाटात जावे. जुन्नरच्या बाजूने घाटमाथ्यावर सातवाहनांचे लेणे आहे. त्याच्या मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या व्यक्तींच्या प्रतिमा कोरलेल्या होत्या आणि प्रत्येकीच्या डोक्यावर नाव होते. सिमुक सातवाहन, देवी नायनिका आणि सातकर्णी, कुमार, महारठी. आज नावे आहेत, प्रतिमा गेल्या. चित्रे पुसली गेलेली आणि फक्त मथळे उरलेली चित्रकथा असावी, तशी ती भिंत आहे. नायनिकेचा यज्ञांचा आणि दानांचा भलामोठा लेख शेजारीच आहे, पण ती दिसायची कशी, उभी कशी राहायची, हे सांगणारा दगड झिजून गेला.

नाशिकच्या पांडवलेण्यांत बरोबर उलटे झाले. इथे मूर्ती टिकल्या आणि खालच्या गावांनी त्यांना आपल्या ओळखीची नावे दिली. शिलालेख डोंगराला त्रिरश्मी म्हणतात, लेणी बौद्ध भिक्खूंसाठी कोरली गेली, हे सगळे लेखांत स्पष्ट आहे. पण लेख वाचणारे उरले नाहीत तेव्हा मोठ्या मूर्ती पाहणाऱ्याला पांडव आठवले. अभ्यासक या नावांना अडाणीपणा म्हणून झटकतात, ते मला मान्य नाही. चाहते हेच करत असतात. अनोळखी चेहरा दिसला की ते त्याला आपल्या माहितीतल्या कथेत बसवतात. नावे चुकीची आहेत हे ठामपणे सांगावे, आणि ती का सुचली हेही तितक्याच आस्थेने अभ्यासावे.

आता त्या डोंगरावरच्या लेखांकडे जरा थांबून पाहू, कारण चित्रकथा लिहिणाऱ्याला तिथे जेवढे मिळते तेवढे क्वचितच कुठे मिळेल. तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्री हिचा लेख आहे. नातू पुळुमावीच्या राजवटीच्या १९व्या वर्षी तिने आपल्या दिवंगत मुलाचे, गौतमीपुत्राचे वर्णन कोरवून घेतले. त्याचे मुख कमळासारखे, चाल हत्तीसारखी, बाहू नागराजाच्या वेटोळ्यांसारखे पुष्ट, घोडे तीन समुद्रांचे पाणी प्यालेले. पाठोपाठ क्षहरात वंश निर्मूळ केल्याचा अभिमान येतो, आणि त्याच लेखात अपराधी शत्रूचाही जीव घेण्याची त्याला आवड नव्हती, असेही येते. ही विसंगती वाचकांना अस्वस्थ करते. राजा क्रूर होता की दयाळू, हे ते मला ठरवून मागतात. मी ठरवत नाही. लेख आईने लिहवला आहे, मुलगा गेल्यानंतर, आणि मातेच्या आज्ञेत राहणारा ही त्याची ओळखही तिला कोरावीशी वाटली. पात्र राजाचे रंगवायचे की त्याची आठवण काढणाऱ्या म्हातारीचे, हे आधी ठरवा. मग विसंगती आपोआप जागेवर बसते.

त्याच लेण्यात गौतमीपुत्राचे स्वतःचे दोन आदेश आहेत. १८व्या वर्षी, विजयी सेनेच्या छावणीतून, गोवर्धनच्या विष्णुपालित नावाच्या अमात्याला कळवले आहे की काखडी गावातले, आजवर नहपानाचा जावई उषवदात याच्याकडे असलेले २०० निवर्तने शेत भिक्खूंना द्यावे. २४व्या वर्षी दुसरा आदेश निघाला, राजमातेच्याही नावाने. दिलेले शेत कसले जात नाही, गावही वसलेले नाही, म्हणून आता नगराच्या हद्दीवरच्या राजाच्या जमिनीतून १०० निवर्तने द्या. लढाई जिंकणे सोपे होते, दान दिलेली जमीन कसायला माणूस मिळणे कठीण होते. जिंकल्यानंतर सहा वर्षांनी ओसाड गावाच्या शिवेवर उभा असलेला एक अधिकारी मला स्पष्ट दिसतो. त्याच्या अंगावर काय कपडे होते हे लेखात नाही.

कपड्यांचे उत्तर थोडेफार दहाव्या लेण्यात मिळते. याच उषवदाताने भिक्खूंच्या चीवरांसाठी आणि इतर गरजांसाठी ३,००० कार्षापण कायमचे ठेवले. गोवर्धनच्या विणकरांच्या एका श्रेणीकडे २,००० महिना शेकडा एक दराने, दुसऱ्या श्रेणीकडे १,००० महिना शेकडा पाऊण दराने. मूळ रक्कम परत मागायची नाही, व्याजातून खर्च चालवायचा. दर दोन का, यावर वाचकांनी मला भरपूर पिडले आहे. दुसरी श्रेणी जास्त भरवशाची होती म्हणून कमी दर, असे एक मत. तिच्याकडे पैसा आधीच होता, तिला घाई नव्हती, असे दुसरे. लेख कारण देत नाही. पण राजा, राणी आणि तलवार यांच्यापलीकडे चित्रकथेत विणकरांची आळी यायला हवी, हे या दोन आकड्यांनी मला शिकवले. गोवर्धन आजही नाशिकच्या कुशीत त्याच नावाने नांदते आहे.

काळाचे कोडे पाहायचे तर प्रवरेकाठी दायमाबादला जावे लागते. १९७४ साली छबू लक्ष्मण भिल यांना झाडाचे खोड खणताना काशाच्या चार वस्तू मिळाल्या. हत्ती, गेंडा, म्हैस, आणि दोन बैल जुंपलेला, माणसाने हाकलेला रथ. सगळ्यांचे मिळून वजन साठ किलोहून अधिक. जनावरे चाकांच्या पाटांवर उभी केलेली आहेत. हत्तीची चाके मात्र हरवली. वस्तू उत्खननातल्या थरातून आलेल्या नसल्याने त्यांचे वय वादात सापडले. काहींनी त्या उत्तर-हडप्पा काळाच्या मानल्या. धातूतले आर्सेनिकचे प्रमाण पाहून डी. पी. अग्रवाल यांनी त्या बऱ्याच नंतरच्या असाव्यात अशी शंका काढली. मला उत्तर-हडप्पा हे मत जास्त सुसंगत वाटते, कारण त्याच टेकाडावर त्या काळची वस्ती उत्खननात मिळाली आहे. पण वाचकांचे लक्ष कशाकडे जाते ते सांगतो. रथाच्या दांडीवर एक कुत्रा उभा आहे. विद्वानांची चर्चा वय, धातू आणि धर्म यांवर चालते. वाचक विचारतात, कुत्र्याचे नाव काय होते? मला हा प्रश्न पोरकट वाटत नाही. ज्याने काशाचा रथ ओतला त्याने दांडीवर कुत्रा ठेवण्यासाठी वेगळे कष्ट घेतले आहेत. ती गोष्ट ऐकणाऱ्यांना तो कुत्रा ओळखीचा असणार.

बाहेरच्या जगात हे काम कोणी चोख केले असेल तर एर्जे यांनी. 'टिनटिन'च्या १९३५ ते १९३७ दरम्यान आलेल्या तुटक्या कानाच्या गोष्टीतली आदिवासींची मूर्ती त्यांनी ब्रसेल्सच्या संग्रहालयातल्या पेरूच्या खऱ्या लाकडी मूर्तीवरून घेतली. वस्तू खरी, जमात कल्पित, आणि कथा सगळी खरी मूर्ती आणि तिच्या नकला यांच्याभोवती फिरते. वाचक आजही त्या संग्रहालयात ती मूर्ती शोधत जातात. आपल्याकडे असा धागा पाँपेईपर्यंत जातो. ७९ साली ज्वालामुखीच्या राखेत गाडल्या गेलेल्या त्या शहरात १९३८ मध्ये एक भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाली. तिला लक्ष्मी म्हटले गेले, नंतर यक्षी म्हणणे अधिक योग्य ठरले. तिच्या जवळच्या नात्यातल्या हस्तिदंती मूर्ती आपल्या तेर आणि भोकरदन इथे सापडल्या आहेत. आपल्याकडून निघून इटलीच्या घरात पोचलेल्या मूर्तीची मराठी चित्रकथा कोणीतरी लिहायलाच हवी.

अनंत पै यांनी १९६७ साली अमर चित्र कथा सुरू केली आणि राम वाईरकर, पुण्याचे प्रताप मुळीक यांच्यासारख्या चित्रकारांनी देशभरातल्या मुलांच्या मनात पुराणपुरुषांचे चेहरे पक्के केले. त्या कामाबद्दल मला नितांत आदर आहे. त्यातली एक उणीव मात्र आपण भरून काढायला हवी. छापील चौकट एकदा वाचकाच्या हाती गेली की तिच्याशी भांडता येत नाही. पिंगुळीच्या ठाकर चित्रकथींकडे हे भांडण्याचे स्वातंत्र्य होते. ते कागदावरच्या चित्रांची पोथी पुढ्यात धरून रात्री गाऊन कथा सांगत, समोर श्रोते बसलेले, एका चित्रावर हवे तेवढे रेंगाळता येई. वाचकांबरोबरच्या गप्पा म्हणजे माझ्या मते तीच बैठक आहे, आणि तिच्यासाठी एक शिस्त मी सुचवतो. पटकथेच्या समासात प्रत्येक तपशिलापुढे लिहावे की तो पुराव्यातून आला, तर्कातून आला की कल्पनेतून. बाण आणि वज्र पुराव्यातून. राजाचे नाक तर्कातून. अधिकाऱ्याच्या कपाळावरचा घाम कल्पनेतून. वाचकाने विचारले की समास उघडून दाखवावा. कल्पना लपवली की ती खोटी होते, सांगितली की ती कला राहते. परग्रहावरून कोणी येऊन लेणी कोरली असे म्हणणाऱ्यांना गोवर्धनच्या विणकरांचा व्याजदर वाचायला द्यावा. माणसांनी केलेल्या कामाचे श्रेय माणसांनाच मिळाले पाहिजे, या बाबतीत मी अजिबात सैल राहू इच्छित नाही.

आता या अभ्यासात येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिले काम देतो. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी फाळके स्मारक आहे. तिथून पायऱ्या चढून तिसऱ्या लेण्याशी जा. ओसरीखाली दगडी तुळया खांद्यावर घेतलेले धिप्पाड गण दिसतील, पालखी उचलावी तसे त्यांनी अख्खे लेणे उचलले आहे. आत मुख्य दार. वर बोधिवृक्ष, स्तूप आणि चक्र, दोन्ही बाजूंना फुले धरलेले द्वारपाल. दाराच्या कडेच्या अर्धस्तंभांवर एकावर एक सहा चौकटी पाडलेल्या आहेत. त्यांत बहुतेक ठिकाणी दोन पुरुष आणि एक स्त्री, एकाच कुठल्यातरी गोष्टीच्या वेगवेगळ्या टप्प्यांवर. फर्ग्युसन आणि बर्जेस यांनी १८८० सालच्या ग्रंथात लिहिले की शेवटी एक पुरुष त्या स्त्रीला उचलून नेतो असे दिसते. त्यांच्याभोवती नाव नाही, लेख नाही. लेण्यात शब्दांचा एवढा सुकाळ, आणि ही गोष्ट पूर्ण मुकी.

वही काढा आणि चौकटी एकेक करून रेखाटा. फोटोवर भागवू नका, हात फिरला की डोळे नीट पाहतात. प्रत्येकीतला कोण कोणाकडे वळला आहे, कोणाचा हात कुठे आहे, ते लिहा. मग क्रम लावा, आधी वरून खाली, नंतर खालून वर. उचलून नेण्याची चौकट शेवटची धरली तर ती पळवून नेण्याची गोष्ट होते. तीच सुरुवातीची धरली तर बाकीच्या चौकटी शोधाच्या आणि भेटीच्या होऊ शकतात. ती स्त्री नेणाऱ्याबरोबर स्वखुशीने चालली आहे असे काही वाचकांनी मला ठासून सांगितले आहे. तिच्या उभे राहण्यात त्यांना भीती दिसत नाही. मला अजून बर्जेस यांचा क्रम अधिक सरळ वाटतो, पण त्या वाचकांनी खालून वर लावलेला क्रम माझ्या वहीत शेजारी लिहून ठेवला आहे. तुमचा तिसरा निघाला तर तोही आणा.